एको नॉर्मल, मग अटॅक कसा?

हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर नंबर लावून बसलेल्या मंडळींच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं. ‘टूडी एको केलाय, नॉर्मल आलाय, म्हणजे ब्लॉकेज नाही.’ बोलणारा निर्धास्त झालेला असतो, ऐकणाराही मान डोलावतो. पुढे कधीतरी अशाच नॉर्मल रिपोर्टवाल्या माणसाला हार्ट अटॅक येतो, आणि घरचे लोक डॉक्टरला, मशिनला किंवा नशिबाला बोल लावतात. बहुतेक वेळा यांतल्या कुणाचीच चूक नसते. जो प्रश्न त्या तपासणीला विचारलाच नव्हता, त्याचं उत्तर तिच्याकडून मिळालं असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

शरीरात नळी न घालता, चिरफाड न करता हृदय बघण्याचे आज बरेच मार्ग आहेत. टूडी एको, स्ट्रेस एको, थॅलियम, सीटी अँजिओ, कॅल्शियम स्कोअर, कार्डियाक एमआरआय ही नावं आता घराघरांत पोहोचली आहेत. पण कोणता स्कॅन हृदयाचं नेमकं काय बघतो, हे रुग्णाला क्वचितच कुणी समजावून सांगतं. ओपीडीत शंभर रुग्ण ताटकळत असताना डॉक्टरला तेवढा वेळ नसतो, आणि रुग्णालाही विचारायचा संकोच वाटतो. हा संकोच सोडायला हवा. स्कॅनची चिठ्ठी हातात पडते तेव्हाच दोन गोष्टी विचाराव्यात: यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधताय, आणि ते उत्तर आल्यावर माझ्या उपचारांत काय बदलेल?

मुळात हृदयाबद्दलचे प्रश्न दोन तऱ्हांचे असतात. हृदय हा सतत आकसणारा-सैलावणारा स्नायू आहे. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या तीन मुख्य रक्तवाहिन्यांमधून. त्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. विहिरीवरची मोटर पाणी नीट खेचतेय की नाही हे बघणं वेगळं, आणि तिला वीज देणारी वायर कुठे जळत आलीय हे बघणं वेगळं. वायर अर्धी जळली तरी मोटर त्या दिवशी व्यवस्थित चालते. पंप कसा चालतोय हे एको दाखवतो. वाहिनी कुठे अरुंद झालीय हे त्याला सहसा दिसत नाही. सुरुवातीचं ‘म्हणजे ब्लॉकेज नाही’ हे वाक्य फसतं ते नेमकं इथे.

पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवणं भाग आहे. छातीत अचानक दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, धाप, असं काही सुरू असेल तर ती वेळ स्कॅनची अपॉइंटमेंट घेण्याची नाही. तेव्हा लागतो तो ताबडतोब काढलेला ईसीजी आणि रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी, म्हणजे जवळचं हृदयोपचार असलेलं रुग्णालय किंवा 108 क्रमांकाची रुग्णवाहिका. ‘गॅस धरलाय’ म्हणून ओवा खात काढलेले दोन तास कुठलाही स्कॅन परत मिळवून देत नाही. मधुमेही माणसांना आणि बायकांना अनेकदा छातीत कळ येतच नाही. नुसती धाप, मळमळ किंवा अकारण थकवा एवढंच जाणवतं. बाईच्या या तक्रारी ‘दगदग झाली असेल’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्या घरांतली सवय जीवघेणी आहे. या लेखातलं बाकी सगळं स्थिर तक्रारींबद्दल, म्हणजे ठरावीक श्रमांनी त्रास होतो आणि थांबलं की ओसरतो, अशा परिस्थितीबद्दल आहे.

आता एको. स्वीडनमधल्या लुंड इथले डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हेर्ट्झ यांनी 1953 साली ध्वनिलहरींनी हृदयाच्या हालचाली पहिल्यांदा टिपल्या. त्यांनी वापरलेलं यंत्र धातूमधल्या भेगा शोधण्यासाठी बनलेलं होतं, जहाजबांधणीच्या कारखान्यात वापरलं जाणारं. आज तालुक्याच्या गावीही टूडी एकोचं मशिन असतं. डाव्या कुशीवर झोपवून, छातीवर जेल लावून वीस-तीस मिनिटं केलेली ही तपासणी पूर्ण निर्धोक आहे. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, उपाशी राहायला नको, गरोदर बाईलाही चालते. अठरा ते बावीस आठवड्यांच्या सुमारास पोटातल्या बाळाच्या हृदयाचाही एको करता येतो.

एकोत हृदयाचे कप्पे, भिंतींची जाडी, झडपा, पडद्यातलं छिद्र, हृदयाभोवती साठलेलं पाणी हे सगळं दिसतं. ज्याला लोक ‘पंपिंग’ म्हणतात ते इजेक्शन फ्रॅक्शनही त्यातूनच कळतं. डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, याचं ते माप. साधारण 55 ते 70 टक्के हे निरोगी. कित्येकांना वाटतं की 100 पैकी 60 म्हणजे हृदय चाळीस टक्के निकामी झालं. तसं नाही, निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला पूर्ण रिकामं होत नाही. आणखी एक, हे माप बरंचसं बघणाऱ्याच्या नजरेवर आणि प्रतिमेच्या स्पष्टतेवर ठरतं. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या हातांनी केलेल्या एकोत पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. गेल्या वर्षी 62 होतं, यंदा 57 आलं म्हणून झोप उडवून घेण्याचं कारण नाही. 60 वरून 35 वर आलं तर मात्र ते गंभीर आहे.

रिपोर्टमधल्या आणखी दोन ओळी आपल्याकडे नाहक घबराट पसरवतात. एक म्हणजे ‘ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर’. झडपांमधून नखभर रक्त मागे येणं निरोगी माणसांतही सर्रास आढळतं, आणि त्यासाठी काही करावं लागत नाही. दुसरी ओळ ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’. हृदय सैलावायला थोडा जास्त वेळ घेतं, एवढाच तिचा अर्थ. पन्नाशी-साठीनंतर, विशेषतः रक्तदाब असलेल्यांमध्ये, ती फार वेळा दिसते. हृदय बंद पडत आल्याची ती खूण नव्हे. रक्तदाब नीट आवाक्यात ठेवायची आठवण म्हणून ती ओळ वाचावी. याउलट ‘आरडब्ल्यूएमए’ ही चार अक्षरं गांभीर्याने घ्यावीत. भिंतीचा एखादा भाग बाकीच्या भिंतीइतका हलत नाही, म्हणजे तिथला रक्तपुरवठा कधीतरी तुटला असावा किंवा आता तुटतोय, असा तो इशारा असतो.

एकोचं खरं मोल ब्लॉकेज शोधण्यात नाही, ते दुसरीकडे आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, आणि पुढे वीस-पंचविशीत झडप आकसते. असा संधिवाताचा हृदयरोग आपल्या देशातून अजून गेलेला नाही. गरोदरपणात पहिल्यांदा धाप लागून आलेल्या गरीब घरातल्या मुलीला एको वेळेवर झाला तर जीव वाचतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब किंवा डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं चालू असणाऱ्यांना दर काही महिन्यांनी एको करायला सांगतात, तेही याचसाठी. या औषधांनी हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो, आणि तो लवकर कळला तर सावरता येतो. अशा रुग्णांनी शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच मशिनवर एको करून घ्यावा, म्हणजे तुलना खरी होते.

मग ब्लॉकेज शोधायचं कसं? एक वाट जुनी आहे. हृदयाला पळवायचं आणि रक्त कमी पडतं का ते बघायचं. सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी बसवलेल्या पद्धतीने आजही आपल्याकडे टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी, होते. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढत जातो, 220 मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या 85 टक्के ठोक्यांपर्यंत पोहोचायचं असतं. ही स्कॅन नव्हे, चालता चालता काढलेला ईसीजी आहे. स्वस्त आहे, जागोजागी होते, आणि माणूस किती दम धरतो हे ती फार चांगलं सांगते. पण तिच्या एकटीवर विसंबणं धोक्याचं. खरा अडथळा असलेल्यांपैकी बऱ्याच जणांची टीएमटी नॉर्मल येते, आणि काहीही नसलेल्यांची, त्यातही बायकांची, पॉझिटिव्ह येते. गुडघे दुखणाऱ्या साठीच्या बाईला पट्ट्यावर चार मिनिटं चालवून ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा शेरा देण्यात तर काहीच अर्थ नाही. मूळ ईसीजीतच काही बिघाड असेल, उदाहरणार्थ लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक, तर टीएमटी वाचताच येत नाही.

अशा वेळी ताणाच्या जोडीला प्रतिमा घेतात. स्ट्रेस एकोमध्ये चालवून किंवा डोब्युटामिनचं इंजेक्शन देऊन ठोके वाढवतात आणि भिंतीचा कुठला भाग आळसावतो ते बघतात. लोक ज्याला ‘थॅलियम’ म्हणतात, त्यात आता बहुतेक ठिकाणी थॅलियम नसतंच. टेक्निशियम-99एम हे सहा तासांत निम्मं होणारं मूलद्रव्य वापरतात. शिरेतून दिलेलं हे औषध रक्तप्रवाहाच्या प्रमाणात हृदयाच्या स्नायूत शिरतं आणि कॅमेरा त्याचा नकाशा काढतो. विश्रांतीच्या वेळी भरलेला आणि श्रमात रिकामा दिसणारा भाग म्हणजे रक्त कमी पडतंय. दोन्ही वेळा रिकामा म्हणजे बहुधा जुन्या अटॅकचा व्रण.  

थॅलियमला जाणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना साधी आहे, आणि तीच सर्वाधिक मोडली जाते. चालता न येणाऱ्यांना ठोके वाढवण्याऐवजी ॲडेनोसिनसारखं वाहिन्या रुंदावणारं औषध देतात, आणि चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकं त्याच औषधाला अडवतं. म्हणून आधीचे बारा ते चोवीस तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. ‘सकाळी फक्त अर्धा कप घेतला’ म्हणणाऱ्याची तपासणी एक तर पुढे ढकलावी लागते, किंवा केली तर खोटा दिलासा देते. दमा असेल तर ते आधीच सांगावं, कारण ॲडेनोसिनने श्वासनलिका आवळू शकतात. तपासणीनंतर भरपूर पाणी प्यावं आणि त्या दिवशी तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसू नये. या स्कॅनची एक मोठी मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. तिन्ही वाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळीकडेच रक्त सारखं कमी पडतं, फरक दिसत नाही, आणि नकाशा चक्क नॉर्मल वाटू शकतो.

दुसरी वाट नवी आहे. वाहिनीच बघायची. गेल्या वीस वर्षांत हृदयाच्या तपासणीत सर्वांत मोठा बदल कशाने झाला असेल तर तो सीटी कोरोनरी अँजिओग्राफीने, आपल्या बोलीत ‘सीटी अँजिओ’ने. साध्या अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून नळी थेट हृदयापर्यंत नेतात. इथे फक्त हाताच्या शिरेतून डाय देऊन काही सेकंदांत सगळ्या वाहिन्यांचं त्रिमित चित्र मिळतं. 64 स्लाइसची मशिनं 2004-05 च्या सुमारास आली आणि धडधडणाऱ्या हृदयातल्या बारीक वाहिन्या स्पष्ट दिसू लागल्या. हिची ताकद ‘नाही’ म्हणण्यात आहे. सीटी अँजिओ स्वच्छ आली तर मोठा अडथळा नाही, हे जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये स्थिर छातीदुखीच्या रुग्णांसाठी हीच पहिली तपासणी म्हणून सुचवली.

तिचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. ताणाच्या तपासण्यांना वाहिनी बरीच अरुंद झाल्यावरच कळतं. पण अटॅक आणणारा चरबीचा थर अनेकदा तीस-चाळीस टक्क्यांचाच असतो. तो अचानक फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि वाहिनी बंद होते. ‘परवाच टीएमटी पास झाला होता हो’ या हळहळीमागचं कारण हेच. सीटी हा थर भिंतीत असतानाच दाखवते. स्कॉटलंडमध्ये 4,146 रुग्णांवर झालेल्या स्कॉट-हार्ट या अभ्यासात निम्म्यांना नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी अँजिओ केली. पाच वर्षांनी हृदयरोगाने मृत्यू किंवा अटॅक यांचं प्रमाण सीटीच्या गटात 2.3 टक्के होतं, दुसऱ्या गटात 3.9 टक्के. हा फरक जास्त अँजिओप्लास्ट्या केल्यामुळे पडला नव्हता. पाच वर्षांत त्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. फरक पडला तो बहुधा योग्य माणसांना स्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची औषधं वेळेत सुरू झाल्यामुळे. अमेरिका-कॅनडातल्या दहा हजार रुग्णांच्या प्रॉमिस अभ्यासात मात्र सीटीने आणि ताणाच्या तपासण्यांनी दोनेक वर्षांत सारखाच निकाल दिला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणजे सीटी ही जादू नाही. ती दाखवते त्यावर रुग्ण आणि डॉक्टर काय करतात, यावर तिचा फायदा अवलंबून आहे.

सीटी अँजिओ चांगली होणं बऱ्याच अंशी रुग्णाच्या तयारीवर ठरतं. ठोके साठच्या आसपास असले तर चित्र स्पष्ट येतं, म्हणून मेटोप्रोलॉलसारखी गोळी देतात. दमा असेल तर इथेही आधी सांगायचं. त्या दिवशी चहा नाही, तंबाखू नाही. जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा फवारा देतात, त्यामुळे लैंगिक क्षमतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल यांसारखी गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर ते लाज बाजूला ठेवून सांगायलाच हवं, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट लागतो, कारण डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींनी ती थांबवायची का, हे मूत्रपिंडाच्या स्थितीवर ठरतं, स्वतःच्या मनाने ठरवू नये. डाय शिरताना अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते काही सेकंदांत जातं. किनारपट्टीवरच्या लोकांना हमखास पडणारी एक शंका इथेच मिटवतो. कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी असणं म्हणजे डायची ॲलर्जी असणं नव्हे. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, डायमधल्या आयोडिनची नव्हे. आधी कधी डाय घेऊन अंगावर पित्त उठलं असेल, तर मात्र ते सांगणं फार गरजेचं.

सीटीच्या मर्यादा वाहिनीतल्या चुन्यात आहेत. कॅल्शियमचा जाड थर चित्रात फुगून दिसतो आणि आतला रस्ता आहे त्याहून अरुंद भासतो. त्यामुळे पंच्याहत्तरीच्या, वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्या माणसात सीटी अनेकदा ‘सत्तर टक्के’ म्हणते आणि प्रत्यक्ष अँजिओग्राफीत चाळीस निघतात. तीन मिलिमीटरपेक्षा लहान स्टेंटच्या आतही तिला नीट दिसत नाही. ठोके अनियमित असतील तर चित्र तुटक येतं. आणि ज्याची सगळी लक्षणं मोठ्या अडथळ्याकडे बोट दाखवतात, ज्याला नळीची अँजिओग्राफी लागणारच आहे, त्याला मध्ये सीटी करून दोनदा डाय आणि दोनदा खर्च करायला लावणं योग्य नाही.

याच मशिनवर डाय न देता कॅल्शियम स्कोअर काढतात. आर्थर ॲगॅटस्टन यांनी 1990 मध्ये मांडलेला हा आकडा वाहिन्यांच्या भिंतीत साठलेला चुना मोजतो. शून्य फार चांगला, शंभरावर असेल तर स्टॅटिनचा विचार गंभीरपणे करावा, चारशेच्या वर जोखीम मोठी. तक्रार काहीच नाही, पण कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही याचा निर्णय होत नाही, अशा चाळिशी-पन्नाशीच्या माणसासाठी हा स्कोअर उपयोगी आहे. गोळी ठरूनच गेलेल्याला तो करून नवं काही कळत नाही. आपल्यासाठी मात्र एक सावधगिरी आहे. दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक लवकर येतो. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्याकडचं मध्यक वय 53 होतं, इतरांचं सुमारे 59. तरुण वयातल्या थरात चुना अजून साठलेला नसतो. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्या, वडिलांना पंचेचाळिशीत अटॅक आलेल्या अडतीस वर्षांच्या माणसाने शून्य स्कोअरवर निर्धास्त राहू नये.

कार्डियाक एमआरआयकडे आपल्याकडे ब्लॉकेजसाठी फार जण जात नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तिचं क्षेत्र हृदयाचा स्नायू. गॅडोलिनियमचा डाय दिल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात व्रण पांढरा उजळतो, आणि तो व्रण अटॅकचा आहे, विषाणूच्या सुजेचा आहे की जन्मजात जाडीच्या आजाराचा, हे त्याच्या जागेवरून ओळखता येतं. तरुण माणसाला ताप येऊन गेल्यावर छातीत दुखलं, ट्रोपोनिन वाढलं, पण वाहिन्या स्वच्छ निघाल्या, तर उत्तर बहुधा एमआरआयच देते. थॅलेसेमियाच्या मुलांना सतत रक्त चढवून हृदयात लोह साठतं. ते किती साठलंय हे टी-टू-स्टार नावाच्या मापातून कळतं, आणि माप 20 मिलिसेकंदांच्या खाली गेलं तर लोह काढणारी औषधं वाढवतात. या एका मोजमापाने ती मुलं जास्त वर्षं जगू लागली आहेत.

किरणोत्सर्ग नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ एमआरआयबाबत काढू नये. चुंबक कधीच बंद नसतो. 2018 च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक चुंबकाकडे खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. दारावरचा माणूस विचारेल तेव्हा पेसमेकर, कानातलं यंत्र, डोक्यातली जुनी क्लिप, डोळ्यात कधी उडालेला लोखंडाचा कण, सगळं सांगावं. मंगळसूत्र, जोडवी, किल्ल्या, फोन बाहेर ठेवावेत, आणि सोबतच्या नातेवाइकानेही. हृदयातला स्टेंट मात्र अडथळा नाही. स्टेंट असलेल्यांची एमआरआय निर्धास्तपणे करता येते. नव्या पेसमेकरांपैकी अनेक एमआरआयला चालतात, फक्त त्याचं कार्ड सोबत हवं. पाऊण-एक तास अरुंद बोगद्यात पडून श्वास धरायचा असतो, म्हणून बंद जागेची भीती असेल तर आधी बोलावं. मूत्रपिंड फार खराब असेल तर गॅडोलिनियमचा प्रकार निवडावा लागतो.

पेट स्कॅन हृदयासाठी मोजक्या मोठ्या केंद्रांतच होतो. बायपासआधी निपचित पडलेला स्नायू जिवंत आहे का हे ठरवायला किंवा सार्कॉइडसारख्या आजारात तो लागतो. बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

किरणोत्सर्गाची भीती आणि बेफिकिरी दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत. निसर्गातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतो. कॅल्शियम स्कोअर एकाच्या आसपास, नव्या मशिनवरची सीटी अँजिओ दोन ते पाच, जुन्या मशिनवरची त्याच्या दुप्पट-तिप्पटही, आणि टेक्निशियमचा दोन भागांतला स्कॅन साधारण दहा. छातीत खरोखर दुखणाऱ्या साठीच्या माणसासाठी हा धोका नगण्य आहे. पंचवीस वर्षांच्या मुलीला नुसत्या धडधडीसाठी सीटी करायला सांगितली तर मात्र थांबून विचारावं. पाळी चुकली असेल तर आधीच सांगावं. देशातल्या प्रत्येक सीटी मशिनला मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो आहे का हे विचारण्यात काही वावगं नाही.

आता ज्यांना काहीच होत नाही त्यांच्याबद्दल. वाढदिवसाला आई-वडिलांना ‘हार्ट पॅकेज’ भेट देण्याची रीत शहरांत रुजली आहे. भावना चांगली, पण निष्पत्ती अनेकदा वाईट. तक्रार नसलेल्या माणसाची टीएमटी पॉझिटिव्ह आली की ती बरेचदा खोटी निघते, पण तोवर अँजिओग्राफी होऊन जाते आणि कधी नको असलेला स्टेंटही पडतो. डेन्मार्कमध्ये 65 ते 74 वयाच्या 46,000 हून अधिक पुरुषांवर झालेल्या डॅनकॅव्हास अभ्यासात कॅल्शियम स्कॅनसह सर्वांगीण तपासणीला बोलावलेल्यांचे मृत्यू पाच-सहा वर्षांत लक्षणीय कमी झाले नाहीत. त्या पैशांत रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं तपासून होतं, आणि आयुष्य खरोखर वाढतं ते त्यांच्यामुळे. तपासणीमागे कमिशन असतं, हेही उघड गुपित आहे. ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा करायला राज्य सरकारने 2017 मध्ये समिती नेमली होती. म्हणून प्रत्येक डॉक्टरवर संशय घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण स्कॅन का, हा प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या डॉक्टरपेक्षा दोन मिनिटं समजावणारा डॉक्टर शोधावा.

स्कॅनमध्ये अडथळा सापडला तर? आपल्याकडे ‘ऐंशी टक्के ब्लॉकेज’ हे शब्द कानावर पडले की घर हलतं आणि त्याच संध्याकाळी स्टेंटची तारीख ठरते. अटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, यात वाद नाही. स्थिर तक्रारींचं चित्र वेगळं आहे. भारतासह 37 देशांतल्या 5,179 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया अभ्यासात ताणाच्या तपासणीत बरंच रक्त कमी पडत असलेल्या माणसांचे दोन गट केले. एकाला लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला आधी फक्त औषधं. तीनेक वर्षांनी मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, 145 आणि 144. ज्यांना छातीत वारंवार दुखत होतं त्यांना स्टेंटने आराम जास्त मिळाला, आणि तो आरामही खरा फायदा आहे. डाव्या मुख्य वाहिनीचा अडथळा, दुबळं पंपिंग आणि औषधांना न जुमानणारं दुखणं ही मंडळी या अभ्यासाबाहेर होती. त्यांना वाट बघायला सांगू नये. पण बाकीच्यांकडे दुसरं मत घ्यायला, कुटुंबाशी बोलायला आणि औषधं नेटाने घेऊन बघायला वेळ असतो.

स्टेंट किंवा बायपास झाल्यानंतर दरवर्षी ‘चेक करायला’ थॅलियम किंवा टीएमटी करण्याचीही सवय आहे. दक्षिण कोरियात जास्त जोखमीच्या 1,706 रुग्णांवर झालेल्या पोस्ट-पीसीआय अभ्यासाचा निकाल 2022 मध्ये आला. स्टेंटनंतर वर्षभराने सरसकट ताणाची तपासणी केलेल्यांमध्ये आणि तक्रार आली तरच तपासलेल्यांमध्ये दोन वर्षांत काही फरक पडला नाही. नव्याने धाप लागू लागली, पूर्वीसारखी कळ आली, चालण्याची क्षमता घटली, तर तपासणी करावी.

प्रत्येक वेळी कागदी रिपोर्टसोबत स्कॅनची सीडी किंवा फाइलची लिंक मागून घ्यावी. ती रुग्णाच्या हक्काची असते. पाच वर्षांपूर्वीच्या सीटीतला थर आजच्या चित्राशेजारी ठेवून बघता आला तर दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरलाही नव्याने डाय द्यावा लागत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर स्टेंटची तारीख, त्याचा आकार, डायची प्रतिक्रिया, शेवटचं क्रिएटिनिन आणि चालू औषधांची नावं घरातल्या एखाद्या मुला-मुलीने स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावीत, आणि त्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा.